घरी पाती करणाऱ्यांसाठी क्वेंच टँक, क्वेंच ऑइल, बँड हीटर: सगळं वापरून लिहिलेला रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येतो. घरी सुऱ्या, विळे, कोयते करणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांचा पैसा भट्टी, बेल्ट ग्राइंडर आणि चांगल्या स्टीलमध्ये जातो, आणि शेवटी तापलेलं पातं बुडवायला काय असतं तर रंगाचा रिकामा डबा आणि त्यात गॅरेजवाल्याकडून आणलेलं जळकं ऑइल. मला हे मनापासून खटकतं. एवढी मेहनत करून ठोकलेलं, घासलेलं पातं कडक होणार की नुसतंच काळं होऊन बाहेर येणार हे त्या डब्यातल्या पहिल्या एक-दोन सेकंदात ठरतं, नंतर हातात काही राहत नाही, परत तापवा आणि परत बुडवा एवढंच. म्हणून मी माझा क्वेंचचा (म्हणजे तापलेलं पातं तेलात झटक्यात थंड करून कडक करायचा) सगळा सेटअप एकेक वस्तू करत बदलला, आणि कशाने खरंच फरक पडला, कशाने थोडा पडला आणि कशावर पैसे घालवू नयेत ते इथे लिहितोय.

आधी माझं काम काय ते सांगतो म्हणजे तुम्हाला ताडून बघता येईल. मी कोल्हापूरचा, घरामागच्या शेडमध्ये काम, छोटी गॅसची भट्टी. मुख्यतः किचन नाइफ, कधी गावाकडच्या लोकांसाठी कोयता-विळा. स्टील म्हणाल तर ओएचएनएस (तेलात कडक होणारं टूल स्टील), ईएन ३१ (बेअरिंगचं स्टील), ट्रकच्या कमानपाट्याची पट्टी आणि अधूनमधून १०९५ (साधं, जास्त कार्बनचं स्टील). म्हणजे सगळी तेलात कडक होणारी स्टील्स. डी२ (हवेतच कडक होणारं टूल स्टील) किंवा स्टेनलेसचं गणित वेगळं, त्यावर खाली प्लेट्सच्या ठिकाणी थोडं लिहिलंय.

पहिलं तेल, कारण सगळ्यात जास्त फरक मला तिथेच पडला.

जळक्या ऑइलबद्दल एकदाच बोलतो आणि विषय संपवतो. त्यात काजळी असते, धातूचे बारीक कण असतात, ॲडिटिव्हज असतात आणि इंजिनमध्ये उतरलेलं थोडं डिझेल-पेट्रोलही असतं, त्यामुळे त्याचा फ्लॅश पॉइंट खाली आलेला असतो, म्हणजे ते लवकर पेट घेतं. आणि तो धूर तुम्ही, घरातली माणसं, शेजारी, सगळे छातीत घेता. शिवाय प्रत्येक गॅरेजचं, प्रत्येक डब्यातलं तेल वेगळं, त्यामुळे एका पात्याचा अनुभव दुसऱ्याला लागू पडत नाही. फुकट मिळतं हे एकच कारण आहे ते वापरायचं आणि ते कारण पुरेसं नाही.

खायचं तेल मात्र मी अजिबात मोडीत काढत नाही. परदेशातले पुष्कळ लोक कनोला वापरतात आणि आपल्याकडचं शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन हेही त्याच जातीचं काम करतं. त्यामागे कारण आहे. तापलेलं पातं तेलात गेलं की पहिल्यांदा त्याच्याभोवती वाफेचं पातळ आवरण तयार होतं, ते आवरण असेपर्यंत उष्णता बाहेर जायला वेळ लागतो, मग ते फुटतं आणि तेल पात्याला लागून जोरात उकळतं, खरी झटक्यात थंडी तिथे मिळते, आणि शेवटी उकळणं थांबून नुसतं तेल फिरून थंड करतं. खाद्यतेलात लवकर उडून जाणारा भाग जवळपास नसतो त्यामुळे ते पहिलं आवरण फार थोडा वेळ टिकतं किंवा टिकतच नाही, म्हणून सुरुवातीची थंडी चांगली मिळते. कमानपाट्याच्या पट्टीला, ओएचएनएसला हे आरामात पुरतं. तेल ५०–५५ अंशांपर्यंत गरम करून वापरायचं, कारण गरम तेल पातळ होतं आणि पात्याला नीट लागतं. थंड, घट्ट तेलात उलट कमी काम होतं, हे नवीन माणसाला पटत नाही पण तसंच आहे.

त्याची अडचण वेगळी आहे. खाद्यतेल हवेत आणि उष्णतेत चिकट होत जातं. सूर्यफूल आणि सोयाबीन जास्त, शेंगदाणा त्या मानाने कमी कारण त्याचं आयोडीन मूल्य (तेल किती चिकट होईल त्याचा अंदाज देणारा आकडा) कमी असतं. काही महिन्यांत टाकीच्या कडेला पिवळा डिंक जमतो, तेलाला खवट वास मारायला लागतो, उंदीर-मुंग्या येतात ते वेगळंच. शेंगदाण्याचं तेल आजच्या भावाने टाकीत ओतायचं म्हणजे जिवावर येतं. तर सुरुवातीला, २–४ पाती करून बघायची असतील, तर बिनधास्त खाद्यतेल घ्या. नेहमीचं काम असेल तर पुढचं वाचा.

आता क्वेंच ऑइल. हे हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यांसाठीच बनतं आणि आपल्याकडे मिळतं हेच पुष्कळांना माहीत नसतं. अमेरिकेतले नाइफमेकर सारखं पार्क्स ५० या तिकडच्या वेगवान क्वेंच ऑइलचं नाव घेतात आणि आपली मंडळी ते कसं मागवायचं याच्या मागे लागतात, कुरिअरचा खर्च तेलापेक्षा जास्त. त्याची गरज नाही. इंडियन ऑइलची सर्वो क्वेंच, हिंदुस्तान पेट्रोलियमची मेटाक्वेंच अशी क्वेंच ऑइलं इथेच बनतात, शिवाय खासगी कंपन्यांची आहेत, आणि एमआयडीसी असलेल्या कुठल्याही शहरात इंडस्ट्रियल ऑइलचा डीलर असतो. तो पहिल्यांदा २१० लिटरच्या ड्रमचीच भाषा करतो. त्याला शांतपणे सांगायचं की छोटी बादली पाहिजे. माझ्या डीलरने मागवून दिली, थोडे दिवस थांबावं लागलं. दोघा-तिघांनी मिळून घेतली तर अजून बरं.

घेताना मात्र 'क्वेंच ऑइल द्या' एवढं बोलून चालत नाही. वेग विचारा, म्हणजे तेल किती झटपट थंड करतं ते. हा वेग मोजायची एक जुनी पद्धत आहे, निकेलचा गोळा ८८५ अंशांपर्यंत तापवून तेलात टाकतात आणि तो ३५४ अंशांना यायला किती सेकंद लागले ते बघतात. ३५४ का, तर तिथे निकेल परत चुंबकाला चिकटायला लागतं, त्यामुळे घड्याळ बरोबर तिथे थांबवता येतं. मला ही युक्ती फार आवडते. ८–१० सेकंद आले तर तेल वेगवान, ११–१४ मध्यम, १५ च्या पुढे संथ. ते पार्क्स ५० हे ७–९ सेकंदांचं म्हणून विकलं जातं, म्हणजे आपण त्याच्या जवळपासचं वेगवान तेल शोधतोय. हल्लीच्या डेटाशीटवर बऱ्याचदा सेकंदांऐवजी जास्तीत जास्त कूलिंग रेट दिलेला असतो, अंश प्रति सेकंद, तो शंभरच्या आसपास किंवा वर असेल तर वेगवान तेल समजा. डीलरकडून डेटाशीट मागून घ्या, व्हॉट्सॲपवर पाठवतात, आणि त्यावरच फ्लॅश पॉइंट आणि वापरायचं तापमान पण बघा. मार्टेम्परिंग किंवा हॉट क्वेंच असं लिहिलेलं तेल घेऊ नका, ते १०० अंशांच्या वर गरम ठेवून वापरायचं असतं, घरच्या कामाचं नाही.

वेग कशाला लागतो तर स्टीलवर अवलंबून आहे. १०९५ सारख्या साध्या कार्बन स्टीलला ८०० अंशांवरून साधारण ५४० च्या खाली यायला एका सेकंदाच्या आतलाच वेळ मिळतो, त्यापेक्षा उशीर झाला की पर्लाइट (स्टीलची मऊ रचना) व्हायला लागतं आणि पातं मऊ राहतं. ओएचएनएसमध्ये मँगनीज-क्रोम आहे, त्याला घाई कमी. कमानपाट्यालाही कमी. ईएन ३१ मधोमध, पण त्याला क्वेंचआधी ८२०–८४० अंशांवर १० मिनिटं तरी ठेवावं लागतं, नाहीतर कितीही भारी तेल घ्या, उपयोग नाही. म्हणजे तुम्ही फक्त कमानपाट्याची पाती करत असाल तर मध्यम वेगाचं तेल घ्या, वेगवान तेलावर खर्च करायची गरज नाही, आणि जाड-बारीक अंगाच्या पात्याला उगाच वेग दिला तर बाक येण्याची आणि तडा जाण्याची शक्यता वाढते ती वेगळी.

मला फरक कुठे दिसला ते सांगतो. आधी १०९५ चं पातं खाद्यतेलातून बाहेर काढलं की सगळीकडे काळं, एकसारखं, आणि कानस लावली (कडक स्टीलवर ती घसरते, मऊवर चावते) तर टोकाकडे घसरायची पण मुठीकडच्या जाड भागात हलकी चावायची. वेगवान तेलात तेच पातं टाकल्यावर पहिली गोष्ट म्हणजे आवाज, छोटा आणि भरीव, आणि भडका जवळपास नाही. बाहेर काढलं तर वरची खपली (तापताना पात्यावर आलेला काळा थर) जागोजागी उडालेली आणि खालून करडं स्वच्छ स्टील दिसतंय, धारेच्या बाजूने तर सलग. वरचा मऊ थर थोडा घासून कानस लावली तर काचेवर घासल्यासारखी सरकन निघून गेली, टोकापासून मुठीपर्यंत एकाच आवाजात. तेव्हा माझं मत पक्कं झालं. तेलाला पाचपैकी पाच, आणि सगळ्या सेटअपमध्ये एकच गोष्ट बदलायची असेल तर हीच बदला. लिटरचा भाव खाद्यतेलापेक्षा वरचा आहे पण खराब होत नाही, नीट झाकून ठेवलं तर वर्षानुवर्षं चालतं.

आता टाकी.

ऑनलाइन क्वेंच ट्रे म्हणून पत्र्याचे आडवे डबे मिळतात, त्यातला एक मी घेतला होता. पावडर कोटिंग सुंदर, फोटोत भारी दिसतो, पण पत्रा पातळ, तेल मावतं जेमतेम ३–४ लिटर, खोली एवढी कमी की कोयता सोडा, मोठी शेफ नाइफ आडवी घातली तरी खालीवर हलवायला जागा नाही, आणि झाकण नुसतं वर ठेवायचं, बसत नाही. कोपऱ्याच्या वेल्डमधून तेल पाझरायला लागलं ते अजून वेगळं. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत, 'सील लावून घ्या' म्हणाला. तापलेल्या तेलाच्या भांड्याला सील लावायचा सल्ला देणाऱ्याकडून मी परत काही घेणार नाही. अशा ट्रेला पाचपैकी एक, तोही रंगासाठी.

तेल किती पाहिजे हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि त्याचं गणित सोपं आहे. पाव किलोचं पातं ८०० अंशांवरून थंड होताना साधारण १२० किलोज्यूल उष्णता तेलात टाकतं. २ लिटर तेल असेल तर ते एका दमात ३०–३५ अंशांनी गरम होतं, ९ लिटर असेल तर ७–८ अंशांनी. म्हणजे छोट्या डब्यात दुसरं पातं बुडवेपर्यंत तेल शंभरीकडे निघालेलं असतं आणि दोन पात्यांना दोन वेगळे क्वेंच मिळतात. जुना ठोकताळा आहे की अर्ध्या किलोच्या आसपास स्टीलला ४ लिटर तेल, तो घरच्या कामाला बरोबर बसतो. कोयत्यासाठी मी अजून जास्त धरतो.

म्हणून मी उभी टाकी करून घेतली, शिवाजी उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडून. ६ इंची एमएस (साध्या माइल्ड स्टीलचा) पाइप, म्हणजे आतून साधारण १५४ मिलिमीटर, लांबी ६०० मिलिमीटर, तळाला ६ मिलिमीटरची प्लेट. अर्धा मीटर तेल भरलं तर सव्वानऊ लिटरच्या आसपास होतं आणि वर १०० मिलिमीटर मोकळं राहतं, तेवढं मोकळं पाहिजेच, पातं गेल्यावर तेल वर येतं आणि फेसतं. ४ इंची पाइप स्वस्त पडतो पण त्यात तेवढ्याच उंचीला ४ लिटरच तेल मावतं, आणि रुंद पातं हलवताना कडेला आपटतं. जास्तीचे पैसे ६ इंचीला द्या. हा पाइप जाड आहे, मीटरला २८ किलोच्या आसपास वजन, त्यामुळे भंगारबाजारात तुकडा मिळाला तर किलोच्या भावात मस्त काम होतं. फक्त गॅल्व्हनाइज्ड पाइप घेऊ नका, वेल्ड करताना आणि तापल्यावर जस्ताचा धूर होतो. आणि जुना गॅस सिलिंडर कापायचा विचार करत असाल तर कृपा करून करू नका, त्यात माणसं गेली आहेत.

फॅब्रिकेटर मामांचं कौतुक करायलाच पाहिजे. मी ड्रॉइंगमध्ये तळाला पाइपच्याच मापाची गोल प्लेट दाखवली होती. ते बघून म्हणाले, "गोल कशाला? चौकोनी फूटभराची घे, चारी कोपऱ्याला भोकं पाड, खाली बोल्ट मार. पाय लागला तरी पडायची न्हाई." मग विचारलं, "ह्यात तापलेलं लोखंड बुडवणार न्हवं? मग झाकणाला बिजागरी पाहिजे, नुसतं ठेवायचं झाकण भडका उडाल्यावर शोधत बसशील व्हय?" त्यांनी बिजागरीचं झाकण केलं, त्याला लांब दांडा, हाताने नाही तर बुटाच्या टोकाने ढकललं तरी पडतं आणि कडेवर नीट बसतं. झाकण पडलं की हवा तुटते आणि आग विझते, दुसरं काही लागत नाही. टाकी घरी आणून मी आधी पाणी भरून रात्रभर ठेवली, एक थेंब गळाला नाही. मग पूर्ण सुकवून, आतून पुसून, तेल भरलं. कामाला पाचपैकी पाच. वेळ मात्र सांगितल्यापेक्षा बराच जास्त घेतला, दसऱ्याच्या आधी त्यांच्याकडे शेतीच्या अवजारांची गर्दी असते, तर त्या काळात ऑर्डर देऊ नका.

टाकीच्या आत मी दोन गोष्टी केल्या. तळापासून ५० मिलिमीटर वर जाड जाळी बसवली, म्हणजे पात्याचं टोक तळाच्या गाळात जात नाही आणि सांडशीतून पातं निसटलं तर जाळीवर राहतं, वर तार बांधली की जाळीसकट बाहेर येतं. आणि तळाला ड्रेनची नळी काढून त्यावर बॉल व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह स्टीलचा घ्या, पितळेचा नको. तांबं-पितळ तेलात सतत राहिलं की तेलाचं ऑक्सिडेशन वाढतं, तेल लवकर काळं पडतं. ड्रेन कशाला, तर पाण्यासाठी. त्यावर शेवटी लिहितो.

उभी की आडवी टाकी, यावर लोक भांडतात. माझं मत, सरळ लांब पात्याला उभी. टोकाकडून सरळ खाली गेलं की दोन्ही बाजू एकाच वेळी थंड होतात. आत गेल्यावर फक्त वरखाली किंवा धार-पाठ या दिशेने हलवायचं, पात्याच्या सपाट बाजूच्या दिशेने अजिबात नाही, तसं हलवलं की एक बाजू आधी थंड होते आणि बाक आलाच. आणि पूर्ण बुडवायचं, पटकन. अर्धं पातं वर राहिलं की तापलेलं स्टील नेमकं तेलाच्या पृष्ठभागावर असतं, आणि भडका तिथेच होतो. उथळ डब्यात आग लागते ती बहुतेक वेळा यामुळेच.

टाकी भट्टीला चिकटून असली पाहिजे, हात लांब केला की पोचेल अशी. पात्याची धार एखाद मिलिमीटर जाडीची असते, दोन पावलं चालेपर्यंतही तिचं तापमान बरंच उतरतं. माझ्या टाकीला मी चाकं लावली नाहीत, जड टाकी एकदा जागेवर ठेवली की तिथेच.

आता हीटर. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, आमच्याकडे सकाळी तेल १५ अंशांच्या आसपास असतं आणि ते दाट झालेलं हाताला कळतं. पुष्कळ लोक लोखंडाचा जुना तुकडा तापवून तेलात बुडवून ते गरम करतात, आणि खरं सांगायचं तर त्याने काम भागतं. मी त्याच्या पुढे जाऊन बँड हीटर लावला, प्लॅस्टिक मोल्डिंगच्या मशीनला असतात तसे पट्ट्याचे हीटर, पाइपच्या बाहेरून आवळून बसवायचा. ५०० वॉटचा, सोबत छोटा पीआयडी कंट्रोलर (ठरवलेलं तापमान धरून ठेवणारा), के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि रिले (हीटर चालू-बंद करणारा स्विच). ९ लिटर तेल २५ वरून ५० अंशांवर न्यायला वीसेक मिनिटं लागतात. थर्मोकपल तेलाच्या मध्यावर येईल असं सोडा, पाइपच्या भिंतीला टेकवू नका, नाहीतर तो हीटरचंच तापमान सांगत बसतो. आणि बँड तेलाच्या पातळीच्या बराच खाली, तळाकडे बांधा, रिकाम्या भागावर बांधला तर पाइप नुसताच तापतो.

आंघोळीच्या पाण्याचा रॉड तेलात घालायचा सल्ला सगळीकडे फिरतो. नका करू. तो पाण्यासाठी बनलेला असतो, त्याच्या नळीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरून निघणारी उष्णता तेलाला झेपत नाही, तेल पाण्यासारखं पटकन हलत नाही, त्यामुळे रॉडला लागलेलं तेल जळून कोळसा होतं आणि वरचं तेल अजून थंडच असतं. टाकीला अर्थिंग पाहिजेच, आणि हीटर चालू असताना पातं बुडवायचं नाही, आधी बंद. हीटरला मी पाचपैकी तीन देतो. वस्तू चांगली, रोज काम करणाऱ्याला उपयोगाची, पण महिन्यातून एकदा पातं करणाऱ्याने हे पैसे तेलात घालावेत. तसंही वेगवान क्वेंच ऑइल पातळच असतं, बरीचशी नेहमीच्या तापमानालाही चालतात, डेटाशीटवर दिलेलंच असतं. माझ्याकडे मार्च ते ऑक्टोबर हीटर बंदच असतो.

प्लेट्सबद्दल. ॲल्युमिनियमच्या २५ मिलिमीटर जाड दोन प्लेट, एका बाजूने मशीन करून सपाट केलेल्या, बेंच व्हाइसमध्ये बसवलेल्या. डी२ सारखी हवेत कडक होणारी स्टील्स आणि स्टेनलेस करणारे लोक याच प्लेट्समध्ये पातं दाबून क्वेंच करतात, ॲल्युमिनियम उष्णता भराभर खेचून घेतं आणि दाबामुळे बाक येत नाही. मी त्या घेतल्या वेगळ्या कामासाठी. पातं तेलात साधारण ७–८ सेकंद ठेवून, उकळणं थांबलं की बाहेर काढायचं आणि लगेच प्लेट्समध्ये दाबायचं. १०८४-१०९५ सारख्या साध्या कार्बन स्टीलमध्ये मार्टेन्साइट (स्टीलची कडक रचना) बनायला २००–२२० अंशांच्या आसपास सुरुवात होते, त्याच्या वर असेपर्यंत पातं मऊ असतं, थोडा बाक हाताने दाबूनही सरळ होतो, खाली गेलं की वाकवायला गेलात तर तुटतं. प्लेट्स या वेळेत पातं सरळ धरून ठेवतात. पातळ किचन नाइफला हा फरक एवढा मोठा आहे की आता बाकामुळे टाकून द्यायला लागणारी पाती माझ्याकडे क्वचितच निघतात. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण ॲल्युमिनियमचा भाव, आणि मशीन शॉपवाले एवढं छोटं काम घ्यायला कुरकुर करतात. तेलाचं पातं असल्यामुळे प्लेट्स प्रत्येक वेळी पुसून ठेवाव्या लागतात.

त्यानंतर लगेच टेम्परिंग (कडक झालेलं पातं परत थोडं तापवून ठिसूळपणा कमी करणं), हे सगळ्यांना माहीत असेल पण तरी लिहितो, हाताला सहन होईल एवढं थंड झालं की सरळ ओव्हनमध्ये. किचन नाइफला २०० अंशांवर दोन तास, थंड करून परत दोन तास. क्वेंच चांगला झालेलं पातं या अवस्थेत काचेसारखं असतं, रात्रभर तसंच ठेवलं तर सकाळी तडा गेलेला सापडू शकतो, आणि पडलं तर दोन तुकडे.

एक छोटी खरेदी ज्याबद्दल कुणी फार बोलत नाही, हार्डनेस कानशींचा सेट. ४० ते ६५ एचआरसीपर्यंत (एचआरसी म्हणजे रॉकवेल मशीनवर मोजलेला कडकपणा) पाच-पाचच्या टप्प्याने कडक केलेल्या बारीक कानशी असतात. ६० ची घसरली आणि ६५ ची चावली तर कडकपणा मधे कुठेतरी. रॉकवेल मशीनची सर नाही, पण तेल बदललं, तापमान बदललं की काय फरक पडला ते आकड्यात कळायला लागतं, नुसतं 'कडक वाटतंय' यावर राहावं लागत नाही. कधीमधी एमआयडीसीतल्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे तुकडा नेऊन रॉकवेल करून घ्या, माझ्या कानशींचा अंदाज तिथे चांगला जुळला. पाचपैकी चार.

ज्यावर पैसे घालवू नयेत त्यातलं एक म्हणजे तेल फिरवायला हवेचा पंप, फिश टँकचा. हवेचे बुडबुडे पात्याला लागले की तिथे थंडी कमी मिळते, मऊ डाग राहतात, आणि तेल हवेमुळे लवकर खराब होतं. हाताने हलवणं पुरतं.

सुरक्षेचं सामान मी रिव्ह्यूच्या बाहेर ठेवत नाही. शेडमध्ये एबीसी पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर, दाराजवळ, टाकीच्या मागे नाही, कारण आग लागल्यावर आगीच्या पलीकडे हात घालता येत नाही. शेजारी कोरड्या वाळूची बादली. पाणी अजिबात नाही, पेटत्या तेलावर पाणी टाकलं तर ते तळाला जाऊन वाफ होतं आणि पेटतं तेल वर उडवतं. सुती कपडे, चामड्याचे हातमोजे, लांब दांड्याची सांडशी, चेहऱ्यावर शील्ड. नायलॉनची टी-शर्ट घालून भट्टीजवळ येणाऱ्याला मी शेडमध्ये घेत नाही, मग तो कितीही जवळचा असो.

पाण्याचा विषय इथे परत येतो कारण आपल्याकडचा पावसाळा. जून ते सप्टेंबर शेडमध्ये सगळं ओलं असतं, झाकण सैल असेल तर टाकीत दमट हवा जाते, रात्री पाणी सुटतं आणि तेलाखाली जाऊन बसतं. तेल वरून अगदी स्वच्छ दिसतं. त्यात तापलेलं पातं गेलं की खालचं पाणी वाफ होऊन तेल उसळतं, आणि तेवढं पाणी नसलं तरी पात्याला तडे जायला थोडंसं पाणी पुरतं. म्हणून पावसाळ्यात प्रत्येक वेळी काम सुरू करायच्या आधी मी तळाच्या व्हॉल्व्हमधून वाटीभर तेल काढतो आणि बघतो. मग त्यातले २ थेंब तापलेल्या पत्र्यावर, तापमान १०० च्या बरंच वर, १३०–१६०. शांत पसरलं तर तेल कोरडं. तडतडलं तर पाणी आहे, त्या दिवशी क्वेंच नाही. तेल पूर्ण काढून, स्थिरावू देऊन, वरचं वेगळं करून, ११० अंशांच्या आसपास हळूहळू गरम करून पाणी उडवावं लागतं, तेही उघड्यावर आणि भांडं अर्धंच भरून, कारण फेसतं. झाकणाला आतून सिलिकॉनची दोरी लावल्यापासून माझ्या टाकीत पाणी फार कमी सापडतं, ही दोरी ओव्हनच्या दाराला लावायची म्हणून मिळते, तापमान सहन करते.

तेल वर्षातून एकदा गाळतो. दोन पदरी सुती कापड, आधी रात्रभर स्थिर ठेवून. तळाला खपलीचा काळा गाळ निघतो, तो वेगळ्या डब्यात. वापरून संपलेलं तेल गटारात किंवा परसात ओतू नका, डीलरला विचारा, जुनं तेल घेणाऱ्या अधिकृत रिसायकलरची गाडी एमआयडीसीत येत असते, त्यांच्याकडे छोटा डबासुद्धा घेतात, फक्त त्यात पाणी किंवा रंगाचा थिनर मिसळलेला नको एवढंच ते बघतात.